नसलेल्या पुस्तकाचं पान

"मॅडम, तुमचं पुस्तक, आणि आपल्याच लायब्ररीत नाही. शोभतं का हे?"

ग्रंथपाल स्टाफरूमच्या दारात उभे होते. त्यांच्या हातात एका विद्यार्थिनीचा निबंध होता, त्यात पेन्सिल खोचलेली होती आणि चेहऱ्यावर रागावल्याचं खोटं नाटक होतं. त्या नाटकामागे खरा रुसवाही होता. इतकी वर्षं शेजारी बसून चहा प्यायलेल्या माणसानं आपल्याला पुस्तकाचं सांगू नये, याचा तो रुसवा. मी चहावरची साय चमच्यानं बाजूला करत होते. कुठलं पुस्तक, असं विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी हात पुढे केला. निबंधाच्या शेवटच्या पानावर संदर्भ दिलेले होते. चौथ्या ओळीत माझं नाव होतं. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव, अगदी आम्ही शिकवलं होतं तसं. पुढे पुस्तकाचं नाव : 'ओल्या चादरी'. प्रकाशन वर्ष होतं, प्रकाशक होता, पान एकशे बारा होतं.

मी असं कुठलंही पुस्तक लिहिलेलं नाही. पण हे वाक्य त्या क्षणी माझ्या तोंडातून निघालं नाही. "बघते," असं काहीतरी मी पुटपुटले. "जुनी गोष्ट आहे." ते म्हणाले, "जुनी असो नाहीतर नवी, एक प्रत हवी म्हणजे हवी. नाहीतर मी शोधतोच." आणि ते खुशीत गेले. शोधायला काहीतरी मिळालं की ते नेहमीच खूश व्हायचे. चहा निवून गेला तरी मी त्या रिकाम्या दाराकडे बघत बसले होते. रस्त्यात कुणीतरी आपल्या नावानं हाक मारावी, आपण वळून बघावं, आणि ती हाक दुसऱ्याच कुणासाठी असावी, तसं काहीसं झालं होतं. फरक एवढाच, की ही हाक माझ्यासाठीच होती. फक्त ज्या माझ्यासाठी होती ती मी झालेच नव्हते.

ग्रंथपालांना मुलं 'शांतता सर' म्हणतात. कित्येक वर्षं त्यांच्या तोंडून मुलांनी तो एकच शब्द ऐकला होता. झोपेतसुद्धा ते बायकोला शांतता म्हणत असणार, असा मुलांचा विनोद. तो त्यांना माहीत होता आणि आवडतही होता. आम्ही दोघांनी मिळून वर्ग घ्यायचा, ही कल्पना त्यांचीच. एकदा ते वैतागून माझ्याकडे आले होते. एका मुलानं येऊन विचारलं होतं, "सर, ते निळं पुस्तक आहे ना?" ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही यांना प्रश्न विचारायला शिकवा, उत्तर कुठे सापडतं ते मी दाखवतो. एकट्यानं कुणाच्याच्यानं होणार नाही हे." तेव्हापासून दर बुधवारी दुपारी, वाचनालयाच्या मोठ्या टेबलाभोवती, मी माझं समाजशास्त्र घेऊन आणि ते त्यांची कपाटं घेऊन, आम्ही मुलांना शोध घ्यायला शिकवत होतो. फळ्यावर कोपऱ्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात दोन प्रश्न कायमचे लिहिलेले असत, आणि ते पुसायची कुणालाही परवानगी नव्हती : कुणी म्हटलं? कुठे म्हटलं? ज्याला ही दोन उत्तरं नाहीत ते वाक्य आपल्याकरता नाहीच, असं ते ठासून सांगत. खोटा संदर्भ दिला तर निबंधाला शून्य आणि प्रकरण परीक्षा समितीकडे, हा नियमही आम्ही दोघांनी मिळून केला होता. मी तर जरा जास्तच उत्साहानं.

तो निबंध मी घरी आणला. लिहिणारी मुलगी मला चांगली माहीत होती. खिडकीपाशी बसणारी, उंच, पेनाचं टोपण चावणारी, प्रश्न विचारायच्या आधी दोनदा हात वर करून दोनदा खाली घेणारी. विषय होता हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करणाऱ्या बायका. निबंध तसा सामान्य होता, वाक्यं इकडून तिकडून गोळा केलेली. पण मध्येच अवतरणचिन्हांत एक वाक्य होतं, आणि त्याखाली माझ्या पुस्तकाचा हवाला. 'चादरीवर डाग राहिला तर बाई दिसते; डाग गेला, की बाईही गेली.' मी ते वाचलं आणि थांबले. पुन्हा वाचलं. पहिल्यांदा जे वाटलं ते सांगायला बरं नाही, पण वाटलं ते मत्सरासारखंच होतं. हे वाक्य माझं असायला हवं होतं. कदाचित ते माझंच असेल, कधीतरी लिहून मी विसरले असेन, असंही क्षणभर वाटून गेलं.

कारण लाँड्रीच्या त्या बायकांवर पुस्तक लिहायचं मी ठरवलं होतं. वय तिशीच्या आतलं, नोकरी नवी होती. सकाळची व्याख्यानं आटोपून मी हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला जायची. तिथे एक लांबट, बुटक्या छताची खोली होती. आत शिरताच वाफ चेहऱ्यावर ओल्या फडक्यासारखी बसायची. चष्म्यावर धुकं यायचं आणि बायका हसायच्या, "आली आंधळी कोशिंबीर." माझं नावच पडलं होतं ते. सोड्याचा वास, त्याच्याखाली आणखी एक वास, ज्याला कुणी नाव देत नव्हतं. दोघी दोघी समोरासमोर उभ्या राहून चादर पिळायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि पिळता पिळता बोलायच्या. त्या बोलण्यालाही तसाच पीळ असायचा. मी ऐकायची. दोन वर्षं ऐकलं. एक लेखही छापून आला, कुठल्याशा वार्षिक अंकात. आणि मग काय झालं? खरं सांगायचं तर काहीच झालं नाही. आईचं आजारपण आलं, मुलगा झाला, मार्गदर्शक निवृत्त होऊन दुसऱ्या गावी गेले. लाँड्रीत मोठी यंत्रं आली, निम्म्या बायका गेल्या. पण यातलं एकही कारण म्हणावं तसं कारण नव्हतं. लोकांना याहून मोठ्या अडचणी येतात आणि लोक पुस्तकं लिहितात. माझं राहून गेलं. आपल्या भाषेत हा शब्द किती सोयीचा आहे. राहून गेलं. राहिलंही आणि गेलंही, आणि कुणी काही केलं नाही.

नवरा इस्त्रीचे कपडे कपाटात लावत होता. मी त्याला निबंध दाखवला. त्यानं चष्मा वर करून वाचलं आणि मोठ्यानं हसला. "अरे वा! न लिहिताच छापून आलं. सुटलीस!"

"हसण्यासारखं काय आहे यात?"

"मग काय रडू? एआयनं दिलं असेल काढून. माझ्या ऑफिसातली पोरं रोज फसतात. आहे ते नाव उचलतं आणि नाही ते जोडतं." मग माझ्याकडे बघून त्याचा आवाज खाली आला. "तुला लागलं का गं?"

"छे, लागायचंय काय."

लागलं होतं. त्या यंत्राला माझं काय माहीत असणार? एक नाव, एक जुना लेख. तेवढ्यावरून त्यानं हिशेब मांडला की ज्या बाईनं एवढं लिहिलं तिनं पुढे पुस्तक लिहिलंच असणार. कुठल्याही शहाण्या माणसानं हाच अंदाज केला असता. सगळं जिकडे चाललं होतं तिकडेच गेलं असतं तर ते पुस्तक आज आमच्या कपाटात असतं, आणि शांतता सरांना रुसायचं कारण नव्हतं. वाटेत चुकले ती मी. यंत्राचा अंदाज बरोबर आणि माझं आयुष्य चूक, असला काहीतरी वेडगळ विचार डोक्यात घोळत राहिला. कांदा चिरताना, पांघरूण घेताना, दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना. एका मुलीचं नाव मी दोनदा पुकारलं.

ग्रंथपालांना मी अजूनही काही सांगितलं नव्हतं. आठवडा उलटायच्या आत ते आले. या वेळी ते दारात थांबले नाहीत. समोरची खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ टेबलावरची धूळ बोटानं गोळा करत राहिले.

"ते पुस्तक कुठेच नाही," ते म्हणाले. "मी चार गावच्या ग्रंथपालांना फोन केले. एक जण तर रजेवर होता, त्याला घरून पाठवलं बघायला. तो प्रकाशकही नाही. असा प्रकाशक कधी नव्हताच."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग मला का शोधायला लावलंत, मॅडम?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "मला सांगायला जमलं नाही." हे खरं होतं, पण उत्तर नव्हतं. आठवडाभर एक माणूस माझं पुस्तक शोधतोय, या जाणिवेनं मला आतून ऊब येत होती. कुठेतरी एखाद्या कपाटात त्याला ते सापडेल, अशी अगदी बारीक, लाज वाटावी अशी आशासुद्धा होती. हे त्यांना कसं सांगायचं? ते उठले. "नियम आपण दोघांनी केला आहे," ते म्हणाले. "मुलीला बोलवा. माझ्यासमोर."

ती आली तेव्हा वाचनालयात कुणी नव्हतं. निबंध टेबलावर मधोमध ठेवला होता. ग्रंथपालांनी फक्त त्या ओळीवर बोट ठेवलं. मुलीनं बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पुस्तक नाहीये का?"

"नाही."

"पण मॅडम, तुम्ही वर्गात सांगता ना त्या बायकांचं. वाफेचं वगैरे. मला वाटलं, पुस्तक असणारच. एआयनं नाव दिलं तेव्हा मला काही नवल नाही वाटलं."

"आणि पान एकशे बारा?" ग्रंथपालांनी विचारलं. "तेही एआयनं दिलं?"

तिनं मान खाली घातली. "ते मी टाकलं."

"आणि वाक्य?"

टोपण चावायला तिचा हात वर गेला, पण हातात पेन नव्हतं. मग ती एकदम म्हणाली, "वाक्य खरं आहे, सर. वाक्य माझ्या आईचं आहे. ती त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. मागे एकदा घरी चादर वाळत घालताना म्हणाली होती, सहज. मला ते हवंच होतं निबंधात. पण 'आई म्हणाली' असं लिहिलं तर ते कोण ग्राह्य धरणार? तुम्हीच सांगता, कुणी म्हटलं, कुठे म्हटलं. माझ्या आईला कुठे छापलंय?"

आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती. मला वाटलं होतं ग्रंथपाल समितीचं नाव काढतील. ते उठले, त्यांच्या टेबलाच्या खणातून एक कोरा कागद घेऊन आले आणि तिच्या शेजारी बसले. समोर नाही, शेजारी. "हे बघ," ते म्हणाले, "'आई म्हणाली' असं लिहिता येतं. त्याला मुलाखत म्हणतात. नाव, ठिकाण, तारीख. हे असं. छापलेलंच असावं लागतं असं कुणी सांगितलं तुला? मी नसेन सांगितलं." मग कागद तिच्याकडे सरकवत, "पण मी हेही नाही सांगितलं की छापलेलं नसलं तरी चालतं. ते चुकलंच आमचं. आईची परवानगी मात्र हवी. तिला आण एकदा. निबंध पुन्हा लिहून दे, मी समितीकडे पाठवत नाही."

मुलगी गेली तेव्हा जवळजवळ धावत गेली. ग्रंथपालांनी मला विचारलं, "बरोबर केलं ना?" मी हो म्हणाले. आमच्यातला ताण जरा सैलावला, आणि मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. पण खरं सांगायचं तर मी त्या मुलीपेक्षाही जास्त उतावीळ झाले होते. ते वाक्य कागदावर यावं, कुणाच्या तरी नावानं का होईना, पण रीतसर यावं. जणू तेवढं झालं तर माझंही काहीतरी फिटणार होतं.

तिची आई दोन दिवसांनी आली, ड्यूटी संपवून. माझ्याहून लहानच असेल वयानं, पण हात माझ्याहून म्हातारे होते. बोटांची टोकं पाण्यानं पांढरी पडलेली, सुरकुतलेली. तिनं ठेवणीतले कपडे घातले होते आणि पायांतल्या चपला वाचनालयाच्या दाराबाहेर काढल्या. ग्रंथपाल "अहो असू द्या, असू द्या" म्हणत असतानाच. खुर्चीच्या कडेवर बसली. ग्रंथपालांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि आपल्या शिस्तीत सगळं समजावलं. हे काय आहे, कशासाठी आहे, कोण वाचणार. ती लक्ष देऊन ऐकत होती. मुलगी शेजारी उभी होती, अभिमानानं जरा फुललेली. आपली आई कुणीतरी आहे हे तिला आज दाखवायचं होतं.

"म्हणजे कागदावर माझं नाव येणार?" आईनं विचारलं.

"येईल. तुमची इच्छा नसेल तर नाव न घालताही करता येतं. 'एक कर्मचारी' असं."

"मुलीचं नाव तर वर असणारच ना? आडनाव?"

"हो, तिचा निबंध आहे."

आईनं पेला बाजूला सारला. मग म्हणाली, "काय वाक्य म्हणालात?"

मुलीनं ते वाचून दाखवलं.

"असं मी बोलले नाही," आई म्हणाली.

"आई! अगं त्या दिवशी, गच्चीवर…"

"नाही बोलले. मला कुठलं असलं बोलायला येतंय. हिनंच कुठेतरी वाचलं असेल."

मुलीचा चेहरा कसा झाला ते मला अजून दिसतं. रडवेला नाही, रागावलेलाही नाही. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि तिथे पायरी नसावी, तसा. ग्रंथपाल गोंधळून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी बोलू लागले. मी सांगितलं की हे वाक्य फार चांगलं आहे, किती चांगलं आहे ते. मी त्या लाँड्रीत येत होते, ती वाफ मला माहीत आहे, तिथल्या बायकांचं कुणीतरी लिहिलंच पाहिजे. घाबरण्यासारखं यात काही नाही, हा फक्त कॉलेजचा निबंध आहे. मी खुर्ची पुढे ओढली होती. मी तिच्या हाताला हात लावला होता. माझा आवाज मलाच ऐकू आला, गोड, समजावणीचा, पिच्छा न सोडणारा. आई माझ्याकडे एकटक बघत होती. मग तिनं हळूच आपला हात काढून मांडीवर ठेवला.

"मॅडम, नाही म्हटलं ना."

मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. मुलगी मागेच राहिली होती. फाटकाजवळ आई थांबली, आजूबाजूला बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बोलले असेन हो. पोरगी खोटं नाही बोलत माझी. पण बोलणं निराळं, लिहिणं निराळं. आता आम्ही सहाच जणी उरलोय तिथे. आडनाव वाचलं की मुकादम विचारणार, डागाचं कोण बोललं? कुणाचा डाग? मग मी काय सांगू त्याला?" तिनं एकदा वाचनालयाच्या खिडकीकडे पाहिलं. "तिला नापास नका करू," ती म्हणाली. "एवढं बघा." आणि रस्ता ओलांडून गेली, भराभर, मागे न बघता.

मी ग्रंथपालांना सगळं सांगितलं. या वेळी लगेच सांगितलं. ते फळ्यासमोर उभे होते, हातात डस्टर होतं. ऐकून घेतलं आणि डस्टर खाली ठेवलं. मुलीलाही मी बाजूला घेऊन सांगितलं, आई का नाही म्हणाली ते. "कळलं होतं मला," ती म्हणाली. "घरी गेल्यावर मी काही विचारलंच नाही तिला." पुढे तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

नवा निबंध आला. मी तो एका बैठकीत वाचला. यंत्रांच्या किमती, कामाचे तास, दोन अहवाल, तीन लेख. त्यातला एक माझा, जो खरोखर आहे. ग्रंथपालांनी एकूण एक संदर्भ तपासून पेन्सिलनं बारीक खूण केली होती. वाक्यं नीट, परिच्छेद नीट. कुठेही कुणी बाई बोलत नव्हती. जिथे ते वाक्य होतं तिथे आता लिहिलं होतं, 'या कामातील श्रमांची दखल पुरेशा प्रमाणात घेतली जात नाही', आणि खाली हवाला. तोही खरा. मी चूक शोधायचा प्रयत्न केला. एकही सापडली नाही. मी वर्गातले सगळ्यांत जास्त गुण दिले. दुसरं काय देणार होते?

"मॅडम," ग्रंथपाल म्हणाले. आम्ही वाचनालय बंद करत होतो. "एक विचारू? ते वाक्य तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, त्या पोरीला, तिच्या आईला. चार माणसांना माहीत असलेली गोष्ट नाहीच आहे, असं कसं म्हणायचं? मी तर इतकी वर्षं तेच म्हणत आलो."

"मला नाही माहीत, सर."

त्यांनी दिवे घालवले. अंधारात त्यांचा श्वास ऐकू येत होता. किल्ली कुलपात फिरवायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला.

पुढच्या बुधवारी ती मुलगी वेळेच्या आधीच आली. खिडकीपाशी न बसता फळ्याजवळच्या खुर्चीवर बसली. मी नवा विषय दिला. शेजारपाजारच्या, ओळखीच्या एखाद्या माणसाच्या कामाविषयी लिहा, म्हणाले. मुलं कुजबुजली, ग्रंथपालांनी सवयीनं "शांतता" म्हटलं. तिनं हात वर केला. पूर्वी दोनदा वर-खाली करायची तसा नाही, एकदाच, सरळ.

"मॅडम, माणसांशी बोलावंच लागेल का? की फक्त पुस्तकांवरून केलं तरी चालेल?"

ती नम्रपणे उत्तराची वाट बघत होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ग्रंथपालांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. सगळा वर्ग पाहत होता.

"चालेल," मी म्हणाले.

तिनं ते लिहून घेतलं.